चौथी नोंद

माझ्या बापाचं अक्षर वाईट.
'क' काढला तरी हातोड्यानं ठोकून बसवल्यासारखा दिसायचा.
म्हणून वही मी लिहायचे.
जेवण झाल्यावर तो सांगायचा, बोटांच्या पेरात ग्रीस:
लिही, खांब दोनशे एकेचाळीस बटे सहा,
डावा रूळ, वेल्डाला चीर, केसाएवढी.
पंधरा दिवसांनी: सुताएवढी.
दसऱ्याच्या आधी: नख शिरतंय असं लिही,
आणि नखाखाली रेघ मार.
प्रत्येक नोंदीखाली मुकादमाची सही, मग साहेबाची.
साहेबाची सही म्हणजे एक गोल आणि त्याला शेपटी.

चौथ्यांदा म्हणाला,
आठ आण्याचं नाणं उभं ऱ्हातंय गं त्यात.
मी म्हणाले, तीनदा लिहिलंय की आण्णा,
माझा उद्या फिजिक्सचा पेपर हाय.
बरं, म्हणाला,
आणि हातोडा दाराआड ठेवून झोपला.

तिसऱ्या रात्री, दोन वाजून दहा मिनिटं.
येरळेच्या पुलाअलीकडं अमोनियाच्या अकरा टाक्या आडव्या.
त्या आठवड्यात शेताची लाईट रात्रीची होती,
म्हणून उसाला दारं धरायला गेलेली माणसं
सखल रानात उभी:
बिरू हाक्के, त्याचा चुलता, नदाफांचा मेहबूब.
धुकं उतरतंय, असं वाटलं असणार त्यांना.
सकाळी द्राक्षाची पानं उकडल्यासारखी,
डोहात मासे पोटं वर करून,
आणि मेहबूबच्या मुठीत खोऱ्याचा दांडा तसाच.

मंत्री आले.
हेलिकॉप्टरनं धूळ उडू नये म्हणून
शाळेच्या मैदानावर पाणी मारायला टँकर वेळेवर आला.
त्या रात्री डोळे धुवायला आला नव्हता.
मंत्री म्हणाले, हे मागच्यांचं पाप.
मागचे दुपारी आले, म्हणाले, आमच्या काळी रूळ नवे होते.
कंपनी म्हणाली, टाकी आमची, चाक रेल्वेचं.
रेल्वे म्हणाली, चौकशी चालू आहे.
खासदारांना बोलता बोलता खोकला आला,
तेवढं एकच खरं वाटलं मला.

मग अहवाल: मानवी चूक.
एवढ्या मोठ्या रेल्वेत
मानव एकच निघाला,
दिनकर सखाराम ऐवळे, कीमन.

वही आधी सापडत नव्हती.
मग सापडली, नेमकी तेवढीच पानं भिजून लगदा.
मग कुणीतरी विचारलं,
मुळात अशी वही ठेवायची पद्धत होती का?

मिरजेला सुनावणीत मी उभी राहिले.
म्हटलं, अक्षर माझं आहे. एखादं पान वाचलं असेल तर ताडून बघा.
कोरा कागद दिला. नाव लिही, म्हणाले.
मी आधी नाव नाही लिहिलं.
लिहिलं, खांब दोनशे एकेचाळीस बटे सहा,
आठ आण्याचं नाणं उभं राहतं.
तारीख मागची घालता आली असती.
आजची घातली.
खाली लिहिलं: नोंद उशिरा केली. कारण, पेपर होता.
आणि सही, पुरी, आडनावासकट.

साहेबांनी वाचलं.
पंख्यानं उडू नये म्हणून कागदावर वजन ठेवलं,
रुळाचाच कापलेला तुकडा, पॉलिश करून चकचकीत.

माझ्या वाट्याचा दोष एका ओळीचा.
मी उचलला. जड आहे.
टाक्या तर क्रेननं तिसऱ्या दिवशीच हलवल्या,
बाकीचा अजून नदीकाठाला पडून आहे,
येणारे-जाणारे त्याला वळसा घालतात.

आण्णा निलंबित, तरी पाचला उठतो.
गाडी पुलावर आली की
चहाची बशी ओठाशी थांबते, मान तिरकी होते,
एकेक जोड मोजल्यासारखा तो ऐकत राहतो.
शेवटचा डबा गेला की
बशी खाली ठेवून म्हणतो,
लिही.